घटस्फोटाच्या खर्चाचा हिशोब: वकील महाग की तारीख?

आपल्याकडची एक म्हण सगळ्यांना पाठ आहे, ‘बनी तो बनी, नही तो परभणी’. पण नवरा-बायकोचंच बनलं नाही तर? त्याला म्हण पुरत नाही. तिथे कायदा लागतो, आणि कायद्याच्या वाटेवर खर्च असतो. आजचा भाग त्या खर्चावर.

मी वकील नाही. माझ्या मावसबहिणीच्या केसमध्ये दोन वर्षं तिच्यासोबत तारखांना जात होतो. आम्ही एक वही केली होती. एसटीचं तिकीट, झेरॉक्स, टायपिंग, नोटरी, चहा आणि बुडालेला रोज, सगळं त्यात लिहायचं. शेवटी बेरीज केली तर वकिलाच्या फीपेक्षा तारखांचा आकडा मोठा निघाला.

तुम्हीच हिशोब करा. समजा पालमहून किंवा जिंतूरहून बाई आणि तिचा भाऊ तारखेला आले. बाईला २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, तरी दोघांचा रोज बुडाला. जाण्या-येण्यासकट आठशे रुपये धरा. महिन्याला एक तारीख, तीन वर्षं केस. छत्तीस तारखा, म्हणजे २८,८०० रुपये. नवरा पुण्याला कंपनीत असेल तर त्याची सुट्टी आणि प्रवास वेगळाच. म्हणून खर्च कमी करायचा म्हणजे आधी तारखा कमी करायच्या.

आता लोक म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मग बैठक बसते, चार मोठी माणसं येतात आणि स्टॅम्प पेपरवर फारकत लिहून घेतात. नोटरीचा शिक्का बसला की झालं मोकळं! आमच्याकडेही हाच प्रस्ताव आला होता. बहिणीने एकच विचारलं, “उद्या मी दुसरं लग्न केलं तर हा कागद मला वाचवेल का?” बैठकीत कुणाकडेच उत्तर नव्हतं.

उत्तर असं आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. तो हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख सगळ्यांना लागू. त्यात घटस्फोट कोर्टच देतं. समाजात जुनी रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. नुसत्या नोटरीच्या कागदावर दुसरं लग्न केलं तर पहिलं लग्न कायम धरून गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि दुसऱ्या बायकोचा हक्क अडकतो. म्हणजे पाचशेच्या स्टॅम्पवर वाचवलेले पैसे पुढे किती पटीने जातील, सांगता येत नाही.

मग स्वस्त रस्ता कोणता? दोघं तयार असतील तर संमतीचा घटस्फोट, कलम १३ ब. एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. दोघांनी मिळून अर्ज करायचा, सहा महिने थांबायचं, मग पुन्हा कोर्टासमोर ‘हो’ म्हणायचं. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे सहा महिने माफ होऊ शकतात. पण दीड वर्षाहून जास्त वेगळं राहिलेलं हवं आणि पोटगी, लेकरू, सामान सगळं मिटलेलं हवं. माफ करायचं की नाही हे कोर्ट ठरवतं.

म्हणून खरी मेहनत अर्जाच्या आधी करा. तीन गोष्टी कागदावर लिहा. स्त्रीधन काय होतं आणि आता कुणाकडे आहे. लेकराचा ताबा कुणाकडे, भेट कधी, शाळेचा खर्च कोण देणार. आणि पोटगी महिन्याला की एकरकमी. एकरकमी ठरली तर अर्धी पहिल्या अर्जाच्या वेळी आणि उरलेली शेवटच्या तारखेला कोर्टासमोर, अशी विभागणी करून घ्या. कारण हुकूम होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं. आणि लेकराच्या पोटगीवर आईबापाला परस्पर पाणी सोडता येत नाही.

संमती नसेल तर? तेव्हा पोटगीचा अर्ज लवकर टाका. नागपूरच्या फॅमिली कोर्टातून सुरू झालेली एक केस आहे, रजनेश विरुद्ध नेहा. त्यात नोव्हेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, आणि दोघांनीही कमाई, मालमत्ता, कर्ज शपथपत्रावर लिहून द्यावं. म्हणजे अर्जाला जितका उशीर, तितके महिने हातचे गेले. ‘पगाराच्या पंचवीस टक्के मिळतातच’ असं कुणी सांगितलं तर तो ठोक नियम समजू नका. कोर्ट दोघांची कमाई, गरज, जबाबदारी बघतं.

स्वतःची कमाई नसलेल्या जोडीदाराला केसचा खर्चसुद्धा कलम २४ खाली समोरच्याकडून मागता येतो. हे बायकोला लागू आहे, तसंच नवऱ्यालाही.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने घटस्फोट आणि पोटगीच्या केसमध्ये बाईला कोर्ट फी माफ आहे. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. बाई कितीही कमावत असो, तिला हक्क आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग व्यक्तींनाही आहे. बाकीच्या पुरुषांना वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर. फोन नंबर १५१००, लगेच सेव्ह करा. मुस्लिम, ख्रिश्चन कुटुंबांचे घटस्फोटाचे नियम वेगळे, पण ही मदत सगळ्यांसाठी.

खासगी वकील लावणार असाल तर लाजू नका, पहिल्याच भेटीत विचारा. फी पूर्ण केसची की तारखेची? पोटगीचा अर्ज त्यातच की वेगळा? टायपिंग, नोटरी कुणाकडे? हप्ते चालतील का? उत्तर लिहून घ्या, पैसे दिल्यावर पावती घ्या. आणि ई-कोर्ट्स ॲपमध्ये केसचा सीएनआर नंबर टाकून पुढची तारीख स्वतः बघा. फुकट आहे. निघायच्या आधी वकिलाला एक फोन करा, एखादी चक्कर नक्की वाचेल.

शेवटची एक गोष्ट. रागाच्या भरात चार केस टाकल्या की चार ठिकाणच्या तारखा सुरू होतात. जिथे मारहाण आहे, जिवाला भीती आहे, तिथे तक्रार करायलाच हवी, तिथे खर्च बघत बसू नका. पण नुसतं ‘त्याला फिरवायचं’ किंवा ‘तिला अद्दल घडवायची’ म्हणून टाकलेली केस आपल्यालाही तितकंच फिरवते. लग्नाला काढलेलं कर्ज अजून फिटलेलं नसतं, आणि त्यावर हे दुसरं चढतं. कोर्टाकडून मध्यस्थीला पाठवलं तर जा. तिथे बोलल्याने केस हरत नाही, पण चार तारखा वाचू शकतात.

माझी बहीण आज शिवणकाम करते, लेकरू शाळेत जातं, आणि हुकुमाची प्रमाणित प्रत तिच्या पेटीत आहे. ती प्रत तुम्हीही मागून घ्या बरं का, पुढे जागोजागी लागते.

तुमच्या ओळखीत कुणी या वाटेवर असेल तर हा भाग त्यांना पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!