गोठ्यातला गोऱ्हा आणि दारातली मोटार

आमच्या खानदेशात कोणाच्या दारात नवी मोटार आली, की गावाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'कितलाले लिधी?' म्हणजे केवढ्याला घेतली. पारोळ्यापासून साक्री-शिरपूरपर्यंत अहिराणीतला हा प्रश्न मी कितीदा तरी ऐकला आहे. पण 'कितलाले इकी?', केवढ्याला विकली, असे मात्र पारावर कोणी विचारीत नाही. विकणारा माणूस गाडी गुपचूप देऊन येतो आणि दुसऱ्या दिवशी एस.टी.च्या थांब्यावर उभा दिसतो. आजचे माझे बोलणे या न विचारल्या जाणाऱ्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

विषय माझ्या घरातलाच आहे. माझे मामा पारोळा तालुक्यातले. धुळ्याहून जळगावकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा सहा क्रमांकाचा आणि आताचा त्रेपन्न, चौपदरी व्हायचा ठरला तेव्हा त्यांच्या जमिनीचा एक तुकडा रस्त्यात गेला. सरकारी मोबदला मिळाला. काही पैसा मुलीच्या लग्नाला गेला, काही घराला लागला आणि उरलेल्यात २०२० च्या दसऱ्याला मामांनी एक मोठी, उंच, सात जणांची डिझेल गाडी घेतली. किंमत चाळीस लाख. हार घातलेल्या त्या गाडीत पुढच्या जागेवर मला मानाने बसवले. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. त्या दिवशी पेढा खाल्ला, गाडीचे कौतुक केले आणि गप्प बसलो.

पाच वर्षांनी, २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास, मामांच्या बांधाला लागून असलेले शेजारचे रान विकायला निघाले. रस्त्यात गेलेल्या जमिनीची भरपाई व्हावी असेच ते रान होते. मामा म्हणाले, गाडी मोडू आणि रान घेऊ. त्यांनी मनाशी तीस लाख धरले होते. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या दोघा-तिघांना गाडी दाखवली. सगळ्यांचे आकडे एकवीस लाखांच्या आसपास आले. कोणी फसवीत नव्हते, बाजारच तसा होता. एकवीस लाखांत रान बसले नाही, ते दुसऱ्याने घेतले. मग मामा माझ्याकडे आले आणि एवढेच म्हणाले, "भाचा, तू तर हेच शिकवतोस ना? मग दसऱ्याच्या दिवशी का नाही बोललास?"

त्या दिवशी जे बोललो नाही, ते आज आपल्यापुढे बोलतो.

श्रोतेहो, वापराने आणि वयाने वस्तूची जी किंमत उतरते, तिला व्यापारी वहीत 'घसारा' म्हणतात. शब्द वहीतला असला तरी गोष्ट आपल्या आजोबांना पाठ होती. बैलबाजारात बैल उभा केला, की घेणारा आधी त्याचा ओठ वर करून दात पाहतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि मग जुळलेला. दोन दाती गोऱ्हा कामाला लागून पक्का होईपर्यंत त्याचे मोल चढत जाते. पुढे काही वर्षे ते टिकते आणि मग उतरू लागते. मोटारीचे दात तिच्या आर.सी. बुकात असतात, आणि तिला चढती वर्षे मुळीच नसतात. दुकानातून बाहेर निघाली, की पहिल्या दिवसापासून उतरण सुरू.

पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. जुना बैल थकण्याच्या आत जाणत्या शेतकऱ्याच्या गोठ्यात गोऱ्हा वाढत असे. त्याला रोज चारा पडे, म्हणजे नव्या बैलाची किंमत रोज थोडी थोडी भरली जाई. गाडीची धाव बसवायला, औत भरायला सुतार-लोहार होते आणि त्यांचे बलुते दरसाल खळ्यावर ठरलेले होते. म्हणजे झीज आणि दुरुस्ती, दोन्हींची तरतूद घरच्या व्यवहारातच होती. आजच्या मोटारीचे दुखणे नेमके येथे आहे. बैल गेला आणि मोटार आली, पण तिच्यामागे गोठ्यात गोऱ्हा कोणी बांधला नाही.

आता थोडा हिशेब करू. शिक्षक मंडळींनी तो फळ्यावर मांडून पाहावा. चाळीस लाखांची डिझेल गाडी धरा. वीस लाखांच्या वरच्या खाजगी डिझेल गाडीवर महाराष्ट्रात पंधरा टक्के मोटार वाहन कर एकदम भरावा लागतो. तो झाला सहा लाख. म्हणजे शेचाळीस लाख गेले. गाडीची किंमत किती उतरते यासाठी विम्याचे कोष्टक घेऊ. विमा कंपन्या गाडीची जी किंमत धरतात, ती सहा महिन्यांपर्यंत पाच टक्के, वर्षापर्यंत पंधरा, दोन वर्षांपर्यंत वीस, तीनपर्यंत तीस, चारपर्यंत चाळीस आणि पाच वर्षांपर्यंत पन्नास टक्के कमी केलेली असते. पाचव्या वर्षी आपली गाडी चोरीला गेली, तर विमा या उतरलेल्या किमतीइतकाच मिळतो, आपण मोजलेल्या किमतीइतका नव्हे.

म्हणजे पाच वर्षांत चाळीसाचे वीस झाले. भरलेला सहा लाखांचा करही वेगळा परत येत नाही. एकूण सव्वीस लाख गेले. वर्षाला पाच लाख वीस हजार, दिवसाला सुमारे चौदाशे पंचवीस रुपये. गाडी नुसती ओट्यापुढे झाकून ठेवली तरी हे चौदाशे पंचवीस रोज जातात. आवाज होत नाही, पावती फाटत नाही, म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत.

दुसरा न दिसणारा खर्च म्हणजे व्याज. या पाच वर्षांत सरासरी तेहेतीस लाख रुपये गाडीत अडकून राहिले. बँकेत सहा टक्क्यांनी ठेवले असते, तरी वर्षाला सुमारे दोन लाख आले असते. आता दिसणारे खर्च. विमा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी मिळून वर्षाला दीड लाख धरू. वर्षाला बारा हजार किलोमीटर चालली, लिटरला बारा किलोमीटर गेली आणि डिझेल नव्वद रुपये धरले, तर नव्वद हजारांचे डिझेल. बेरीज करा : पाच लाख वीस हजार, दोन लाख, दीड लाख आणि नव्वद हजार. झाले नऊ लाख साठ हजार. बारा हजारांनी भागले, की किलोमीटरला ऐंशी रुपये.

धुळे ते जळगाव सुमारे नव्वद किलोमीटर. आपण म्हणतो, डिझेलचे पावणेसातशे लागले. खरे म्हणजे लागले सात हजार दोनशे. कापसाच्या भाषेत सांगतो. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा सरकारी हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. तेव्हा ही गाडी वर्षाला सुमारे एकशे अठरा क्विंटल कापूस खाते. त्यातला चौसष्ट क्विंटल नुसता घसाऱ्यात जातो. कोरडवाहूला एकरी सहा क्विंटल उतारा धरला, तर वीस एकरांचे सगळे पीक, आणि तेही बियाणे, खते, वेचणी यांचा खर्च वजा न करता.

कोणी म्हणेल, मग मोठमोठे व्यापारी, ठेकेदार अशा गाड्या का घेतात? त्यातले काही हौसेनेच घेतात. पण एक फरक ध्यानात ठेवा. धंद्यासाठी वापरलेल्या मोटारीवर आयकराच्या नियमांप्रमाणे दरसाल शिल्लक किमतीच्या पंधरा टक्के घसारा उत्पन्नातून वजा करता येतो. चाळीस लाखांची गाडी अशा रीतीने पाच वर्षांनी वहीत पावणेअठरा लाखांवर येते. व्यापाऱ्याला घसारा चुकत नाही, पण त्याच्यापोटी करात थोडी सूट तरी मिळते आणि त्याची वही त्याला दरसाल आठवण देते, की बाबा रे, किंमत उतरली. शेतीच्या उत्पन्नावर मुळात आयकर नाही, म्हणून शेतकऱ्याला ही वजावट उपयोगाची नाही. पगारदार शिक्षकालाही घरच्या गाडीवर ती मिळत नाही. दोघांनाही घसारा अख्खा अंगावर घ्यावा लागतो, आणि दोघांच्याही घरी त्याची नोंद ठेवणारी वही नसते.

आणखी एक. किंमत केवळ झिजेने उतरते असे नाही. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत मोठ्या एस.यू.व्ही. गाड्यांवर अठ्ठावीस टक्के जी.एस.टी. आणि बावीस टक्के उपकर, म्हणजे एकूण पन्नास टक्के कर होता. त्या दिवसापासून तो चाळीस टक्के झाला. नवी चाळीस लाखांची गाडी त्यामुळे सुमारे पावणेतीन लाखांनी उतरते. घेणाऱ्याला आनंद झाला, पण ज्याच्या दारात आधीची गाडी उभी होती, तिचेही मोल त्याबरोबर खाली आले. नवी स्वस्त झाली, तर जुनीला जुना भाव कोण देईल? मामांची गाडी बाजारात गेली ती याच दिवसांत. तसेच १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही धुराची नवी मर्यादा लागू झाली आणि त्याआधीच्या डिझेल गाड्या एका दिवसात मागच्या पिढीतल्या ठरल्या. इंजिनात बिघाड काही नव्हता, कायदा पुढे गेला होता.

जळगावच्या सराफ बाजाराची सवय असलेल्या आपल्या लोकांची येथेच चूक होते. अंगठी मोडायला नेली, तर घट आणि मजुरी वजा जाऊन त्या दिवशीच्या भावाने सोन्याचे पैसे हाती येतात. त्यामुळे 'अडचण आली तर मोडू' हे वाक्य आपल्या तोंडात बसले आहे. तेच आपण गाडीला लावतो. पण गाडी हे सोने नव्हे. अडचण घाईची असते आणि घाईच्या विक्रीत भाव आणखी पडतो. सगळ्या गाड्या सारख्या उतरत नाहीत, हेही खरे. टोयोटाची फॉर्च्यूनर जुन्या बाजारात किंमत बरी धरून राहते, तर जर्मन बनावटीच्या महाग गाड्या फार वेगाने उतरतात. पण चांगली गाडी म्हणजे कमी उतरणारी गाडी. चढणारी नव्हे.

शिक्षक बंधुभगिनींसाठी दोन शब्द. आपण बहुधा हप्त्याकडे पाहतो. वीस लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे बत्तीस हजार येतो आणि एकूण भरणा सत्तावीस लाखांचा होतो. ज्या दिवशी शेवटचा हप्ता फिटतो, त्या दिवशी दारात उभी असते ती सात वर्षे वयाची गाडी. हप्ता झेपतो का, हा अर्धाच प्रश्न आहे. हप्ता संपेल तेव्हा हाती काय उरेल, हा उरलेला अर्धा.

मग मोठी गाडी घेऊच नये काय? असे मी म्हणत नाही. खेड्यात रात्री-अपरात्री बाळंतीण जळगावला किंवा धुळ्याला न्यायची, तर अशी गाडी गावाची रुग्णवाहिका होते. लग्नकार्य आहे, वाटेवरचा चिखल आहे, माणसाची हौस आहे. मामांच्या गाडीतून गावातली किती आजारी माणसे दवाखान्यात गेली, ते मला माहीत आहे. त्याची किंमत वहीत मांडता येत नाही. म्हणणे एवढेच, की घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावी.

त्यासाठी चार साध्या गोष्टी सांगतो. घेण्याआधी त्याच नावाची पाच वर्षांची जुनी गाडी आज कितीला जाते, ते दोन-तीन ठिकाणी विचारून यावे. नवी किंमत आणि ती किंमत यांच्यातले अंतर म्हणजे आपला घसारा. मोठ्या गाडीचे काम वर्षातून दहा-पंधरा दिवसच असेल, तर त्या दिवसांपुरती भाड्याने करावी आणि रोजच्याला लहान गाडी ठेवावी. मोठीच हवी असेल, तर तीनेक वर्षांची जुनी पाहावी, कारण सर्वांत मोठा उतार पहिल्या मालकाने सोसलेला असतो. मात्र आर.सी. बुकावरचा बँकेचा बोजा उतरला आहे का, आधी किती मालक झाले आणि विम्याचे दावे किती झाले, हे तपासल्याशिवाय इसार देऊ नये. आणि नवी घेतलीच, तर ज्या महिन्यात गाडी आली त्याच महिन्यापासून घसाऱ्याचा काही भाग तरी बँकेच्या आवर्ती ठेवीत टाकावा. चौदाशे पंचवीस रोज जमणार नाहीत. चारशे जमतील, दोनशे जमतील. जेवढे जमतील तेवढे टाकावेत.

मामांनी शेवटी गाडी विकली नाही. म्हणाले, एकवीसाला देऊन रान तर मिळत नाही, मग राहू दे. पण आता त्यांनी पोस्टात एक आवर्ती खाते काढले आहे. परवा मी गेलो तेव्हा पासबुक माझ्यापुढे ठेवीत म्हणाले, "हा बघ गोऱ्हा. लहान आहे, पण दावणीला आहे."

ज्यांच्या घरी येत्या दसऱ्याला हार घातलेली गाडी यायची आहे, त्यांनी पेढे जरूर वाटावेत. आणि माझ्यासारखा कोणी भाचा पुढच्या जागेवर बसला असेल, तर त्याने माझ्यासारखे गप्प बसू नये.