पुरावा कुणी द्यायचा?





डिजिटल तंत्रज्ञानात दडलेल्या मूल्यांची चिकित्सा करणारी परिषद सोलापुरात भरावी, हे मला फार उचित वाटतं. इथल्या हजारो बाया विड्या वळून घर चालवतात. कष्टाने बोटांवरच्या रेषा झिजतात आणि रेशन दुकानातलं यंत्र नेमक्या त्याच रेषा मागतं. अंगठा जुळला नाही, तर यंत्राला कुणी जाब विचारत नाही. बाईलाच पुन्हा यायला सांगतात. संशय कुणावर घ्यायचा, हे यंत्र बनवतानाच ठरलेलं असतं.

रोजगार हमीच्या कायद्याचंच पाहा. महाराष्ट्राने १९७७ साली हा कायदा केला. वि. स. पागे यांच्या त्या कल्पनेचं मोठेपण असं, की मागेल त्याला काम देणं ही शासनाची जबाबदारी ठरली. २००५ मध्ये त्याच विचाराने देशाचा कायदा झाला. पुढे १ जानेवारी २०२३ पासून देशाच्या या योजनेच्या सार्वजनिक कामांवर मोबाइल ॲपने हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढायचा. हेतू पारदर्शकतेचा होता, आणि जुन्या मस्टरवर खोटी नावं चढत, हेही खरं. पण रेंज गेली, सर्व्हर अडला, फोटो चढलाच नाही, तर खाडा पडतो मजुराचा. नेमून दिलेलं काम लवकर उरकलं, तरी दुसऱ्या फोटोसाठी ताटकळावं लागतं. कायद्याने शासनावर टाकलेलं ओझं ॲपने मजुराच्या डोक्यावर ठेवलं. एवढा मोठा बदल, आणि त्यावर कुठल्याच सभागृहात मतदान झालं नाही!

म्हणून आपल्या संशोधनाची गरज आहे. जॉय बुओलाम्विनी आणि तिम्नित गेब्रू या संशोधकांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ठरवणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुका फार तर ०.८ टक्के होत्या. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत त्या ३४.७ टक्क्यांपर्यंत गेल्या. हे आकडे कंपन्यांच्या नावांनिशी जाहीर झाले, म्हणून त्यांना सुधारणा कराव्या लागल्या. नुसत्या तक्रारीने हे घडलं नसतं.

इथे वाचल्या जाणाऱ्या प्रत्येक निबंधाकडून माझी एकच अपेक्षा आहे: यंत्र चुकलं तर भुर्दंड कुणाला पडतो, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असावं.

उद्या दुपारच्या सत्रात विडी कामगार आणि रोजगार हमीवरचे मजूर स्वतः बोलणार आहेत. एक दिवसाची मजुरी सोडून ते येत आहेत. त्या वेळी हे सभागृह भरलेलं असावं, एवढी आपणा सर्वांना विनंती करतो.