खेड्यातले शब्द आणि कार्यकर्ता



समाजवाद, लोकशाही, विकेंद्रीकरण हे शब्द शिबिरांतून कार्यकर्त्याला समजावून दिले जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु भंडारा जिल्ह्यातील खेड्यात माणसाचे पोट ज्या शब्दांवर अवलंबून असते, ते शब्द निराळे आहेत.

‘मामा तलाव’ हा शब्द घ्या. नवख्याला तो नात्याचा वाटतो. वास्तविक तो ‘माजी मालगुजारी’ याचा संक्षेप आहे. भंडारा मध्यप्रदेशात असताना १९५० च्या मालकीहक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी संपली आणि ३१ मार्च १९५१ पासून हे तलाव सरकारजमा झाले. मालगुजाराची सत्ता गेली, हे इष्टच झाले. पण ‘सरकारचे’ म्हणजे आपोआप ‘गावाचे’ नव्हे.

हा भेद पुढच्या शब्दात उघड होतो. सिंचन, वहिवाटीचा रस्ता, मासेमारी यांविषयीच्या गावरूढींची नोंद म्हणजे ‘वाजिब-उल-अर्ज’. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६५ मध्ये तिची तरतूद आहे; मात्र शासनाच्या वा स्थानिक संस्थेच्या ताब्यात नसलेल्या जमीन-पाण्यापुरतीच. तलाव सरकारचा झाला, की या नोंदीचा आधार सुटतो.

तिसरा शब्द ‘निस्तार’. जळण, चराई, घराला लागणारे लाकूड या नित्याच्या गरजा सामाईक जमिनीतून व जंगलातून भागविण्याचा गावाचा हक्क म्हणजे निस्तार. संहितेच्या कलम १६१ मध्ये निस्तारपत्रक आहे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ ने वनजमिनीवरील सामूहिक हक्कांत निस्ताराचा नावानिशी समावेश केला. पाणवठ्यातील मासळीचा हक्कही त्याच कलमात आहे. दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते.

येथे ‘पिढी’ या साध्या शब्दालाही कायद्याचा अर्थ आहे: २५ वर्षे. अनुसूचित जमातींखेरीज इतरांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. कागद नसलेल्या ढिवर कुटुंबाला ही अट डोंगराएवढी वाटते. परंतु दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून ग्राह्य धरला जातो, हे सांगणारा कोणी तरी गावात हवा.

ते काम कार्यकर्त्याचे आहे. त्याने तहसिलीतून गावाचे निस्तारपत्रक मिळवावे, ते ग्रामसभेत मोठ्याने वाचावे, प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगावा आणि म्हाताऱ्यांकडून जुना रिवाज ऐकून लिहून घ्यावा. विकेंद्रीकरणाचा अर्थ तेथे व्याख्यानावाचून कळेल.