गाडीची वही



आज येथे ड्रायव्हर आहेत, क्लीनर आहेत, आणि दोन-चार टेम्पो बाळगून धंदा करणारे मालकही आहेत. आम्ही जन्मभर शाळेत वह्या तपासल्या. गाडी कशी चालवावी हे आम्ही तुम्हांला काय सांगणार? आम्ही बोलणार आहोत ते एका वहीविषयी.

नारायणगावचा टोमॅटो रात्री माळशेज घाट उतरून वाशीच्या बाजारात जातो. गाडी निघताना मालकाच्या दारात काय बोलणे होते, ते तुम्हांला ठाऊक आहे.

ड्रायव्हर म्हणतो, "मालक, ब्रेक खाली जातोय."

मालक म्हणतो, "अरे, एवढी खेप कर. आल्यावर बघू."

खेप होते. ड्रायव्हर येतो आणि झोपतो. मालक हिशेबात गुंततो. दुसऱ्या रात्री दुसराच ड्रायव्हर गाडी नेतो. त्याला ब्रेकची गोष्ट कोणी सांगत नाही. मग घाटात काही झाले, की लोक म्हणतात, "नशीब!" मंडळी, यात नशीब कुठे आले? अपघात घाटात झाला खरा, पण त्याची सुरुवात मालकाच्या दारात झाली होती.

बोललेले वाऱ्यावर जाते, लिहिलेले राहते. म्हणून प्रत्येक गाडीला एक वही करा. तिच्यात असे लिहावे:

सोमवार. ब्रेक खाली जातो. (गाडी आणणाऱ्या ड्रायव्हरची सही)

ब्रेक ऑइल गळत होते. नळी बदलली. (मिस्त्रीची सही)

वाचले. ब्रेक लावून पाहिला. ठीक आहे. (गाडी नेणाऱ्या ड्रायव्हरची सही)

या तीन सह्या झाल्याशिवाय किल्ली खुंटीवरून काढू नये. मालकानेही हा नियम मोडू नये.

वहीत लिहायचे, तर आधी पाहिले पाहिजे. निघण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारा. पुढचे-मागचे दिवे, इंडिकेटर, आरसे, चाकांचे नट, टायरची हवा हे सारे पाहा. गाडीखाली तेल सांडले आहे का, तेही पाहा. दहा मिनिटांचे काम आहे.

टायर तर वाचताही येतो. त्याच्या बाजूवर एका ठिकाणी चार इंग्रजी आकडे असतात. समजा, ते १८२३ आहेत. म्हणजे तो टायर २०२३ सालच्या अठराव्या आठवड्यात तयार झाला. टायरच्या खाचांमध्ये बारीक उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, की तो बदलावा. पावसात असा टायर रस्ता धरत नाही.

आता मालाविषयी. गाडी जितकी जड, तितकी ती उशिरा थांबते. जादा भरलेले चार क्रेट फायद्याचे वाटतात. पण २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारासाठी २०,००० रुपये दंड ठरला आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. शिवाय जादा माल रस्त्यातच उतरवावा लागतो. मग फायदा कुठे राहिला?

उतारावर डिझेल वाचवण्यासाठी काही जण गाडी न्यूट्रल करतात. कोणी तर इंजिनच बंद करतो. तसे केले की इंजिन गाडीला आवरून धरत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक लागत नाहीत. इंजिन बंद असले तर ब्रेकला मिळणारा जोरही संपत जातो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्याच्या नवले पुलाजवळच्या उतारावर एका अवजड ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितले. लिटरभर डिझेल वाचवायला केवढी किंमत! घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा.

झोपेचेही असेच आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. तीन सेकंद डुलकी लागली, तर ५० मीटर गाडी आंधळी धावली. पहाटे दोन ते पाच या वेळात झोप फार अनावर होते. चहा-तंबाखूने ती थोडी लांबते, जात नाही. मोटार कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला. दिवसाला आठ तास काम, आठवड्याला ४८ तास, ही मर्यादा त्याने तेव्हाच घातली होती. म्हणून वहीत एक ओळ आणखी लिहा: ड्रायव्हर कधी झोपला, कधी उठला. रात्रभर गाडी हाकून आलेल्याला दुपारी पुन्हा खेपेवर धाडू नये.

आता दोन शब्द मालकांना. ड्रायव्हरने दोष लिहिला आणि तुम्ही त्याच्यावर ओरडलात, "तुलाच बरे सगळे दिसते!" तर उद्यापासून वही कोरी राहील. कोरी वही म्हणजे चांगली गाडी नव्हे. ती भ्यालेल्या माणसाची वही असते. ज्याने दोष लिहिला, त्याने तुमची गाडी वाचवली असे समजा. बाजार गाठायला उशीर झाला, तर एका दिवसाचा भाव जातो. माणूस गेला, तर एक घर उघडे पडते. ते तुमच्या कोणत्या हिशेबात बसणार?

आणि ड्रायव्हर बंधूंनो, न वाचता सही करू नका. "सगळे ठीक" असे सवयीने लिहू नका. अक्षर वाकडे आले तरी चालेल, ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी चालेल. आम्ही त्याचे गुण कापणार नाही. मजकूर मात्र खरा हवा.

तुम्ही लिहायला-वाचायला शिकत आहात ते पत्रासाठी, पावतीसाठी. त्या विद्येचा आणखी एक उपयोग करा. उद्या गाडी निघण्यापूर्वी वहीचे पहिले पान लिहा.