हत्याराची वाट
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तुरीचा हंगाम सुरू झाला की आमच्या अकोल्यात दोघांना उसंत नसते. एक दालमिलवाल्यांना, आणि दुसरी दालमिलचे सुटे भाग करून देणाऱ्या आमच्यासारख्या लहान वर्कशॉपवाल्यांना. मोठ्या मिल तर आहेतच. शिवाय इथल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं तयार केलेली पीकेव्ही मिनी दाल मिल खेडोपाडी गेली आहे. यंत्र म्हटलं की मोडतोड आलीच.

गोष्ट गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतली. सकाळी सातला एका मिलमालकांचा फोन आला. "भाऊ, एलिव्हेटरच्या बेअरिंगखालची प्लेट तडकली. आवारात तूर पडून हाये. संध्याकाळपर्यंत काही जमते का?" मी जमते म्हणून बसलो.

काम तसं साधं होतं. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून शाळेतली पाटी डोळ्यांसमोर आणा. ही पाटी लोखंडाची, २६० बाय १८० मिलिमीटर, २० मिलिमीटर जाड. तिच्या मधोमध बेअरिंगचा ठोकळा बसण्यासाठी १६० बाय ६० चा, ६ मिलिमीटर खोल खळगा. चार कोपऱ्यांना बोल्टसाठी ११ मिलिमीटरची चार भोकं. झालं.

मी अमरावतीच्या आयटीआयमध्ये शिकलो तेव्हा असली प्लेट मिलिंग मशीनची चाकं हातानं फिरवून व्हायची. आज आमच्याकडे संगणकावर चालणारं मशीन आहे. जुनंच घेतलेलं, पण आहे. लोकांना वाटतं, संगणकात चित्र टाकलं, बटण दाबलं की पार्ट तयार. चित्र आणि बटण यांच्या मध्ये एक मोठं काम असतं. हत्यारानं लोखंडातून कोणत्या वाटेनं जायचं, ते ठरवण्याचं. त्याला टूलपाथ म्हणतात, आणि तो काढणाऱ्या सॉफ्टवेअरला कॅम.

आपल्या भागात हे समजावायला नांगराइतकं सोपं काही नाही. शेत नांगरायचं तर बैल कुठून घालायचे, धुऱ्याजवळ कुठं वळवायचे, एका तासापासून दुसरा तास किती अंतरावर घ्यायचा आणि नांगर किती खोल जाऊ द्यायचा, हे आधी ठरतं. कॅम सॉफ्टवेअर नेमके हेच प्रश्न विचारतं. फरक एवढाच, की नांगर मातीत अडकला तर बैल थांबतात. मशीन थांबत नाही.

पहिला प्रश्न शून्याचा. प्लेटचा कोणता कोपरा शून्य मानायचा? संगणकात एक कोपरा धरला आणि मशीनवर दुसरा, तर सगळी भोकं भलतीकडे. मग हत्यार कोणतं? आम्ही १० मिलिमीटरचं चार धारांचं कार्बाइड एंड मिल घेतलं. साध्या लोखंडाला मिनिटाला साधारण ९४ मीटर कापण्याचा वेग धरला, तर ते मिनिटाला ३००० फेरे फिरायला हवं. प्रत्येक धारेनं एका फेऱ्यात ०.०५ मिलिमीटर खायचं म्हटलं, तर चार धारा गुणिले ३००० गुणिले ०.०५, म्हणजे मिनिटाला ६०० मिलिमीटर पुढं सरकायचं. हा हिशेब आजही कागदावर करता येतो, आणि मुलांनी तो एकदा तरी कागदावर करावा असा माझा हट्ट असतो. सॉफ्टवेअरच्या चौकटीत आधीच भरलेला आकडा कुठल्या धातूसाठी आहे, हे पोरं बघतच नाहीत.

खळग्यात उतरतानाही सरळ खाली घुसायचं नाही. जिना उतरावा तसं गोल गोल, मळसूत्री वाटेनं उतरायचं. मग २ मिलिमीटरचे तीन थर काढत ६ मिलिमीटरचा तळ गाठायचा.

हत्यार कोणत्या बाजूनं फिरवायचं, यावर माझं आणि सॉफ्टवेअरचं सुरुवातीला भांडणच झालं. आमचे जुने मिस्त्री सांगायचे, हत्याराची धार जॉबच्या चालीला सामोरी आली पाहिजे, नाहीतर हत्यार जॉबला ओढून घेतं. ते खरंच होतं, कारण जुन्या मशीनच्या स्क्रूमध्ये ढिलाई असायची. नव्या मशीनच्या बॉलस्क्रूत ती जवळजवळ नसते. म्हणून सॉफ्टवेअर बरोबर उलटी बाजू धरतं. तिथं धार आधी जाड कीस घेते, शेवटी पातळ, आणि पृष्ठभाग स्वच्छ येतो. मिस्त्रींचं चुकलं नव्हतं. त्यांचं मशीन वेगळं होतं.

ही वाट यंत्राला आकड्यांत सांगायची कल्पना अमेरिकेतल्या जॉन पार्सन्स यांची. हेलिकॉप्टरच्या पात्यांचं काम करता करता त्यांना ती सुचली. १९५२ साली एमआयटी या संस्थेनं छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीवर चालणारं मिलिंग मशीन लोकांना दाखवलं. पण ते आकडे माणसालाच काढावे लागत, आणि त्यात फार वेळ जाई. म्हणून तिथंच डग्लस रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एपीटी नावाची भाषा तयार केली. तिच्यात आकाराचं वर्णन करायचं आणि वाटेचे आकडे संगणकानं काढायचे. १९५९ साली पत्रकारांना ती दाखवली, तेव्हा तिच्या मदतीनं मशीनवर कोरलेला ॲल्युमिनियमचा ॲशट्रे त्यांना भेट दिला होता. मला ही गोष्ट फार आवडते. एवढं मोठं संशोधन आणि त्यातून निघालं काय, तर सिगारेटची राख झाडायची वाटी.

तर आमची प्लेट. सॉफ्टवेअर चालवत होता आमच्याकडे मूर्तिजापूरहून रोज गाडीनं येणारा मुलगा. हाताला चलाख. त्यानं वाट काढली आणि म्हणाला, "काका, खळग्याचे कोपरे राहून राहिले. चौकोनी होतच नाहीत." होणारच नाहीत. हत्यार गोल आहे. १० मिलिमीटरच्या हत्यारानं आतला कोपरा कोरला तर तिथं ५ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई राहणार, आणि बेअरिंगच्या ठोकळ्याचे कोपरे टोकदार, म्हणजे ठोकळा तळाला बसणार नाही. लहान हत्यार घेतलं तर गोलाई कमी होते, पण संपत नाही. तेव्हा चारही कोपऱ्यांत हत्यार थोडं पुढं नेऊन एकेक जादा चावा घ्यायचा ठरला. ठोकळ्याच्या टोकांना तेवढी जागा मिळते. चित्र काढणाऱ्यानं काटकोन काढला होता, तो बिचारा चुकीचा नव्हता. त्यानं कधी मशीन चालवलं नव्हतं एवढंच.

संगणकाच्या पडद्यावर आम्ही सगळं काम आधी चालवून पाहिलं. खळगा झाला, भोकं झाली, कुठं लाल खूण नाही. सॉफ्टवेअरनं वाटेचे मशीनला कळणारे आदेश करून दिले. दुपारचे दोन वाजले होते. मिलमालकांचे तीन फोन येऊन गेले होते. नेहमी मी हत्यार वर उचलून एकदा हवेतच पूर्ण वाट चालवून बघतो. त्या दिवशी नाही बघितली.

खळगा सुरेख झाला. कोपरेही झाले. मग ड्रिल लागलं. पहिलं भोक झालं, ड्रिल ५ मिलिमीटर वर आलं आणि दुसऱ्या भोकाकडे पूर्ण वेगानं आडवं निघालं. प्लेट आमच्या व्हाइसपेक्षा मोठी, म्हणून टेबलावर चार क्लॅम्पनी दाबून धरली होती. त्यातला एक क्लॅम्प दोन भोकांच्या बरोबर मध्ये, प्लेटपासून ३० मिलिमीटर उंच. आवाज झाला, ड्रिलचा तुकडा दाराच्या काचेवर आपटला. दार बंद होतं म्हणून बरं. ते पोट्टं पांढरंफटक झालं होतं.

"त्याले क्लॅम्प दाखवले होते का?" मी विचारलं. तो काही बोलला नाही. दाखवले नव्हते, आणि मीही विचारलं नव्हतं. सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं तिथं मोकळी हवा होती. पडद्यावर लाल खूण येणार कुठून? रागवायचं तर मी स्वतःवरच रागवायला हवं होतं. सकाळी सातला वेळ मी कबूल केली होती.

प्लेटवर ओरखडा होता, पण ती वाचली. आम्ही क्लॅम्प संगणकात काढले, ड्रिल वर उचलण्याची उंची ५ वरून ५० मिलिमीटर केली, आणि या वेळी हवेत चालवून पाहिलं. रात्री साडेनऊला प्लेट मिलवर पोचली.

त्या मुलाला जूनमध्ये चाकणला नोकरी लागली. मी देतो त्याच्या जवळजवळ दुप्पट पगार. जाऊ नकोस म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं. महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसवून दिलं. महिनाभरानं फोन आला, "काका, इथं जॉब लावायचा अन् हिरवं बटण दाबायचं. वाट काढणारे वेगळ्या खोलीत बसतात. आपल्याले आत जाऊ देत नाहीत."

फ्रीकॅड नावाचं एक सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात हत्याराची वाट काढायची सोय आहे. त्यानं ते जुन्या लॅपटॉपवर घातलं आहे. पाळी संपली की खोलीवर बसून तो काहीतरी काढतो, कधी पुलीची बैठक, कधी आमच्याच त्या प्लेटचा सुधारलेला नमुना, आणि रात्री मला पाठवतो. मी चष्मा लावून उघडतो आणि आधी क्लॅम्प दाखवले आहेत का ते पाहतो.