कंबर दुखते म्हणून कर्ज काढण्याआधी

(कसाल येथे महिला बचत गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज बँक आणि व्याज थोडं बाजूला ठेवूया. आज कंबर आणि मानेबद्दल बोलायचंय. लावणीत दिवसभर वाकायचं, काजूच्या बिया वेचायच्या, डोक्यावर फाट्यांचा भारा, कमरेवर कळशी. आणि दुखलं की म्हणायचं, "आता वय झाला, दुखतलाच." असं म्हणून गप्प बसू नका. आणि घाबरून भलत्या खर्चातही पडू नका.

भलता खर्च म्हणजे काय, ते बीडच्या बायांनी सोसलंय. ऊसतोडीला जाणाऱ्या बाया पोटदुखी, कंबरदुखी, पाळीचा त्रास घेऊन दवाखान्यात गेल्या आणि अनेकींची गर्भपिशवीच काढली गेली. २०१९ मध्ये सरकारने नीलमताई गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून जास्त बायांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. पिशवीसोबत कमी वयात अंडाशयही गेलं तर हाडं लवकर ठिसूळ होतात. म्हणजे कंबरदुखी आणखी वाढायची भीती. म्हणून नुसती कंबर दुखते एवढ्यावर कोणी पिशवी काढायला सांगितली, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सही करू नका.

मग कंबर दुखते कशाने? बहुतेक वेळा स्नायू आणि सांध्यांवर ताण आल्याने. उसण भरली की आपल्याकडे पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. बरं वाटतं, कारण साधी उसण काही दिवसांत आपसूकच उतरते. पण मानेला झटका देऊन 'कडकन' मोडून घेऊ नका, तिथून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आहेत.

"सिझरला कमरेत सुई दिली, तेव्हापासून दुखतं," असंही ऐकायला मिळतं. सुईची जागा थोडे दिवस दुखते. वर्षानुवर्षांचं दुखणं त्या सुईचं नसतं. बाळंतपणात सैल झालेले पोटाचे स्नायू, वाकून पाजणं आणि लगेच उचललेलं जड काम, हे त्यामागे असतं. अंगावरून थोडं पांढरं जाण्यानेही कंबर झिजत नाही. वास, खाज, ताप असेल तर मात्र तपासून घ्या.

घरी काय करायचं? एक-दोन दिवस जड काम बंद, पण अंथरूण धरून राहायचं नाही. हळूहळू चालत राहायचं. गरम पाण्याची पिशवी नाहीतर तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी कापडात गुंडाळून शेकायची. दुखणं कमी झालं की रोज व्यायाम: उताणं झोपून गुडघे दुमडायचे, कंबर हळूच वर उचलायची, पाचपर्यंत मोजून खाली. असं दहा वेळा. लावणीत अधूनमधून उभं राहून, कमरेवर हात ठेवून मागे वाकायचं. एका मोठ्या हंड्याऐवजी दोन छोट्या कळशा. भारा दुसरीने डोक्यावर चढवून द्यायचा.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी सूचना काढल्या. त्यात व्यायामाला महत्त्व दिलंय. कमरेचा पट्टा आणि वजन लावून ओढणं हे नेहमीचे उपचार म्हणून करू नयेत, असं सांगितलंय. वेदनेच्या गोळ्याही दुकानातून आणून महिनोन्‌महिने खाऊ नका, जठर आणि किडनीला त्रास होतो. एमआरआयमध्ये 'गॅप' किंवा 'चकती सरकली' दिसलं म्हणजे लगेच ऑपरेशन, असंही नाही. काहीच दुखत नसलेल्यांच्या फोटोतही असे बदल दिसतात. कमरेतून पायात कळ जात असली, तरी बहुतेकींना ऑपरेशनशिवाय काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आराम पडतो.

पण या खुणा दिसल्या तर थांबायचं नाही:
- लघवी-शौचावरचा ताबा जाणं, लघवी अडणं, किंवा बसायच्या जागी बधिरपणा: त्याच दिवशी, रात्र असली तरी दवाखान्यात.
- पायातली ताकद जाणं, हातातून वस्तू पडणं, चालताना तोल जाणं.
- दुखण्यासोबत ताप, वजन घटणं, जुना खोकला. टीबी मणक्यालाही होतो.
- पडल्यानंतरचं दुखणं, किंवा पूर्वी कॅन्सर झालेला असणं.
- पाळी गेलेल्या बाईची कंबर अचानक जोरात दुखणं.

सहा आठवड्यांत कमी झालं नाही तरी दाखवा. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पुढे पाठवलं तर ओरोसचं जिल्हा रुग्णालय आपल्याला लांब नाही. आपली आशाताई सोबत येईल, तिला विचारा.

शेवटी गटासाठी एक काम. पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की दहा मिनिटं हा व्यायाम सगळ्यांनी मिळून करूया. आणि कुणी कंबरेच्या तपासणीसाठी किंवा ऑपरेशनसाठी कर्ज मागितलं, तर नाही म्हणू नका. फक्त तिला विचारा, "सरकारी डॉक्टरांना दाखवलंस काय गो?" नसेल दाखवलं, तर एकीने तिच्यासोबत जायचं. लावणी तोंडावर आलीय, तेव्हा हे याच महिन्यात सुरू करूया.