थोड्या पैशाचे अर्थशास्त्र



व्याख्यानमालेच्या चालकांनी ‘अर्थव्यवस्था, बँका आणि तंत्रज्ञानाचा बाजार’ ह्या विषयावर बोलावे असे सुचविले, तेव्हा आम्ही त्यांना म्हणालो की, आपण चुकीच्या घरी आलात. आमचे शाळेतले शिक्षण दहावीला थांबले; पुढचे झाले ते वाचनालयात आणि गेटसभांत. त्यावर चालक म्हणाले, “पदवीवाले गेल्या वर्षी बोलून गेले. तुम्ही बाजारात पैसे घालवलेले आहेत ना? तेवढे पुरे.” ह्या पात्रतेवर आम्ही आपणांपुढे उभे आहोत.

पहिला आक्षेप आमच्याच गोटातून येतो. कामगार संघटनेचा माणूस आणि शेअर घेतो? होय, घेतो; थोडे घेतो, हौसेने घेतो, आणि कधी कधी पस्तावतो. पण आक्षेप घेणाऱ्या मित्रांस आम्ही एक गोष्ट दाखवू इच्छितो. भविष्यनिर्वाह निधीच्या संघटनेने ऑगस्ट २०१५ पासून नव्याने जमणाऱ्या रकमेचा काही भाग शेअरबाजारात घालावयास प्रारंभ केला. आरंभी तो पाच टक्के होता. २०१७ मध्ये पंधरा टक्क्यांवर गेला. ज्याने जन्मात कधी दलालाचा उंबरठा पाहिला नाही, त्या फिटरचा आणि त्या शिवणकाम करणाऱ्या बाईचा पैसा आज बाजारात आहे. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर सरकारी नोकरीत आलेल्यांचे निवृत्तिवेतनही बाजाराशी बांधले गेले. मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचारी संपावर गेले, तो संप वरवर पाहता जुन्या पेन्शनचा. पण मुळात प्रश्न एवढाच होता की, बाजार पडला तर पडलेली भिंत कुणाच्या अंगावर यावी? मालकाच्या की म्हाताऱ्याच्या? तेव्हा कामगाराने बाजारात जावे की नाही, हा वाद आता शिळा झाला. तो तेथे नेला गेलेला आहे. उरला प्रश्न डोळे उघडे ठेवण्याचा.

डोळे उघडे ठेवावयाचे तर थोडे मागे पाहिले पाहिजे. मुंबईचा राजाबाई टॉवर आपण सर्वांनी पाहिला असेल. तो प्रेमचंद रायचंद ह्यांच्या देणगीतून उभा राहिला आणि त्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव आहे. हेच प्रेमचंद शेअरांच्या पहिल्या मोठ्या वेडाचे नायक होते. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस विलायतेस जाईना, आणि आपल्या कापसास सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा मावेना. समुद्र भरून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या वर गेला. १८६५ साली युद्ध संपले, कापूस उतरला, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचे हिशेब पुरे करण्याची वेळ आली तेव्हा देणारा कोणी उरला नाही. बुडणाऱ्यांत बँक ऑफ बॉम्बेही होती, कारण तिने शेअर तारण धरून कर्जे दिली होती. १८६८ साली ती मोडीत निघाली.

ही कथा आम्ही मौजेसाठी सांगितली नाही. तिच्यात एक नियम आहे: सट्टेवाला स्वतःच्या पैशावर खेळतो तोवर तो त्याचा प्रश्न, बँकेतल्या पैशावर खेळू लागला की तो आपला प्रश्न. १९९२ साली पुन्हा हेच झाले. बँकांमधल्या सरकारी रोख्यांच्या व्यवहारांतील कागदी पावत्यांच्या आडून बँकांचा पैसा शेअरबाजारात वळविला गेला. निर्देशांक एप्रिलमध्ये साडेचार हजारांजवळ पोहोचला आणि मग कोसळला. सव्वाशे वर्षांत माणसे बदलली, वाट तीच राहिली.

आता बँकांकडे वळू. बँक म्हणजे तिजोरी, अशी आपली समजूत असते. वास्तविक बँक ही तिजोरी नव्हे. ती उसनवारी होय. आपण ठेव ठेवतो म्हणजे बँकेस कर्ज देतो, आणि बँक ते पुढे दुसऱ्यास देते. दुसरा बुडाला तर आपण कोठे असतो? १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली. त्या हबक्यातून ठेवींच्या विम्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून विमा सुरू झाला. तेव्हा मर्यादा दर ठेवीदारामागे दीड हजार रुपये होती. १९९३ साली ती एक लाख झाली, आणि पुढे सत्तावीस वर्षे एक लाखच राहिली. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांस सहा महिन्यांत प्रथम फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. बँकेच्या कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती. त्यानंतर ४ फेब्रुवारी २०२० रोजी विम्याची मर्यादा पाच लाख झाली, आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याचे बंधन आले. लोकांनी रस्त्यावर उभे राहून जे मागितले, त्यातला हा काही भाग मिळाला.

आता आमची चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय ह्या व्याख्यानास अर्थ नाही. आमच्या कामगारांची एक लहानशी पतसंस्था आहे. २०१४ साली आम्ही तिचे चिटणीस होतो. संस्थेची अठरा लाखांची ठेव आम्ही राष्ट्रीयीकृत बँकेतून काढून एका नागरी सहकारी बँकेत ठेवली. कारण? अर्धा टक्का व्याज जास्त. दोन वर्षांत त्या बँकेवर निर्बंध आले आणि पुढे तिचा परवाना गेला. तेव्हा आम्हांस जे कळले ते आधी कळावयास हवे होते. विम्याच्या लेखी संस्था म्हणजे एक ठेवीदार. सभासद चारशे असोत की चार हजार, विमा एकाचाच. अठरा लाखांतले एक लाख हाती आले. पतसंस्थेत सभासद ज्या ठेवी ठेवतात त्यांना तर तो विमा मुळीच लागू नाही, हेही पुष्कळांस ठाऊक नसते. संस्थेची गंगाजळी होती म्हणून ठेवी वाचल्या. परंतु चार वर्षे सभासदांस लाभांश मिळाला नाही.

वार्षिक सभेत आम्ही सर्व हिशेब मांडला. शिव्या खाण्याची तयारी ठेवली होती. शिव्या कोणी दिल्या नाहीत. झाडलोटीचे काम करणारी एक सभासद बाई उठली आणि म्हणाली, “भाऊ, तो अर्धा टक्का आम्ही कुठं मागितला होता?” ह्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

आता तंत्रज्ञानाच्या बाजाराविषयी. येथे आमचे मत स्पष्ट आहे: यंत्र खरे असते, पण त्याच्या शेअरचा भाव खरा असतोच असे नाही. इंटरनेट खोटे होते काय? मुळीच नाही; त्याने जग बदलले. तरीही अमेरिकेचा नॅसडॅक निर्देशांक १० मार्च २००० रोजी पाच हजारांवर बंद झाला आणि ऑक्टोबर २००२ पर्यंत त्यातले तीन चतुर्थांशाहून अधिक मूल्य नाहीसे झाले. तो जुना आकडा पुन्हा दिसावयास २०१५ साल उजाडले. पंधरा वर्षे! कामगाराच्या आयुष्यात पंधरा वर्षे म्हणजे मुलीची शाळा, लग्न आणि स्वतःची निवृत्ती.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. पुण्यात १९८१ साली दहा हजार रुपयांवर सुरू झालेल्या इन्फोसिसने १९९३ साली ९५ रुपयांना शेअर विकावयास काढला, तेव्हा तो पुरता खपलाही नाही. ज्यांनी घेऊन ठेवला त्यांचे कल्याण झाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये पेटीएमचा शेअर मात्र २१५० रुपयांस लोकांनी घेतला, आणि पहिल्याच दिवशी तो चौथाईहून अधिक खाली आला. ज्याचा गाजावाजा नव्हता ते पिकले. ज्याचा होता ते करपले. आणि हिशेबाच्या वह्यांवर तरी विश्वास ठेवावा, तर ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या अध्यक्षांनीच पत्र लिहून कबूल केले की, वहीत दाखविलेले पाच हजार कोटींहून अधिक रुपये अस्तित्वातच नाहीत.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेची हवा आहे. आमच्या ओळखीची तरुण मुले त्या कंपन्यांचे शेअर घेतात आणि त्याच लाटेत आपली नोकरी टिकेल की नाही ह्या काळजीत झोपतात. जुलै २०२५ मध्ये टी.सी.एस.ने सुमारे बारा हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. म्हणून आम्ही त्या मुलांस सांगतो: ज्या धंद्यात तुमचा पगार आहे त्याच धंद्यात तुमची सारी शिल्लक घालू नका. आग लागली तर घर आणि दुकान दोन्ही एकाच वाड्यात नसावे.

दुसरी सूचना त्याहून कठोर आहे. फोनवर वायदे आणि ऑप्शनचा खेळ खेळू नका. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार तीन वर्षांत असे खेळणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या, आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. ज्या कारखान्यात शंभरांतील त्र्याण्णव जण जखमी होतात, तो आम्ही एका दिवसात बंद पाडला असता.

तिसरी सूचना: एका बँकेत विम्याच्या मर्यादेपलीकडे ठेवू नका, आणि संस्थेचा पैसा असेल तर ही मर्यादा साऱ्या सभासदांत मिळून एकच आहे हे विसरू नका.

शेवटची गोष्ट सांगून आपली रजा घेतो. अधिक व्याजाचा किंवा चढत्या भावाचा मोह आम्हांस अजूनही होतो. आम्ही साधू झालेलो नाही. परंतु सही करण्यापूर्वी त्या बाईचा प्रश्न आम्ही स्वतःस विचारतो: हा अर्धा टक्का मागितला कुणी, आणि बुडाला तर भरणार कोण? दोन्ही उत्तरांत एकाच माणसाचे नाव येत असेल, तर खुशाल सही करावी. नावे वेगळी येत असतील, तर पेन खिशात ठेवावे.